टोरीच्या तेलाची बाटली

सालेकसा,
१४ नोव्हेंबर १९५४

खुशाल,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. ते खोडलं आणि कागद बदलला. हा दुसरा कागद आहे एवढं ध्यानात ठेव आणि पुढचं वाच.

काल मालगाडीचा गार्ड दुकानात कोटाची बटणं लावून घ्यायला आला होता. बसल्या बसल्या म्हणाला, "केशोराव, तुम्हारा फाटक तो अब गोंदिया में लग गया. लाल शर्ट में." माझ्या हातातली सुई बोटात गेली. गोंदियात, आणि तेही गुलाबचंद शेठच्या टीममध्ये! गेल्या हिवाळ्यात ज्यांना आपण याच मैदानावर हॉकीत पाणी पाजलं, ज्यांचा गोलकीपर चिडून आपल्या विहिरीचं पाणी प्यायला तयार नव्हता, त्यांचा लाल शर्ट तू अंगात घातलास? शेठनं राइस मिलमध्ये नोकरी दिली, पायात बूट दिले, हेही गार्डनं सांगितलं. बूट घालून तुला धावता येतं का रे?

तुला 'फाटक' हे नाव मी दिलं, विसरलास? स्टेशनाजवळचं फाटक पडलं की बैलबंडी असो की साहेबाची मोटर, सगळं अलीकडेच थांबतं. तू बॅकला उभा राहिलास की समोरच्या फॉरवर्डचं तेच व्हायचं. मी गोलपोस्टजवळून ओरडायचो, "फाटक पाड!" आणि तू पाडायचास. मालधक्क्यामागच्या त्या मैदानावर अकरा जण खेळत असले तरी लोक आगगाडीनं यायचे ते तुला बघायला, आणि थोडे मला ऐकायला. हे माझं म्हणणं नाही, शामकला म्हणते. बायको नवऱ्याची उगीच तारीफ करत नाही.

आता कवडूचं सांगतो. माझा भाऊ म्हणून नाही, आपला सेंटर फॉरवर्ड म्हणून. त्याच्या पायात कोणी काठी घातली की पाच मिनिटांत तो घालणारा जमिनीवर दिसायचा, आणि सगळ्यांना कळायचं की खुशालनं हिशेब चुकता केला. म्हणून तर एवढासा कवडू बेधडक घुसायचा. गेल्या रविवारी डोंगरगडवाल्यांनी त्याला तीनदा लोळवलं. मागं वळून बघतो तर तुझ्या जागी मनिराम, शिट्टी वाजली की दचकणारा. कवडू आता बॉल मिळाला की आधी इकडेतिकडे बघतो.

आपल्या क्लबचा नियम काय? ज्यानं पाडलं, त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल घेऊन त्या माणसाच्या घरी जायचं, चुलीवर कोमट करायचं आणि आपल्या हातानं चोळायचं. मग तो माणूस आमगावचा असो की दरेकसाचा. तू तर दरवेळी गेलास. चोळून झालं की त्यांच्याच घरी भात खाऊन यायचास. मग आमगावच्या मुन्नालालच्या वेळेस काय झालं, असं लोक अजून विचारतात. त्याचं मनगट मोडलं आणि खुशाल फिरकला नाही, म्हणतात. मी काही विचारत नाही. बैठकीत तुला क्लबातून काढलं तेव्हाही मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललो नव्हतो, हे तुला आठवत असेल.

पण काढलं म्हणून काय माणसानं थेट दुसऱ्याचा शर्ट घालायचा? दोन-तीन वर्षं थांबला असतास तर लोक विसरले असते. तुझा निळा शर्ट दुकानात टांगलेला आहे. छाती चव्वेचाळीस. अकरा शर्टांच्या ताग्यात सगळ्यात जास्त कापड त्यानंच खाल्लं होतं, आणि आता तो कोणालाच होत नाही. मनिरामनं घालून पाहिला, बाहीतून त्याचा हात बाहेरच येईना.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

केशोराव टेलर

&nbsp;

सालेकसा,
१३ डिसेंबर १९५४

खुशाल,

काल अस्तराचं कापड आणायला गोंदियाला गेलो होतो. कापडाचं दुकान रविवारी बंद असतं हे माझ्या लक्षात राहिलं नाही. मग गाडीला वेळ होता म्हणून फिरत फिरत मैदानाकडे गेलो, तर तिथे तुमची मॅच. निव्वळ योगायोग. शामकलेनं हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

पहिली गोष्ट, तो लाल शर्ट कोणी शिवला? ज्यानं शिवला त्याच्या हातात कात्री देणं बंद करा. बगलेत कापड कमी आहे. तू उजवा हात खांद्याच्या वर नेलास की सगळा शर्ट पोटावरून वर चढतो, म्हणून तू मारताना हात अर्ध्यात थांबवतोस. लोकांना वाटत असेल, खुशाल सावकाश झाला. त्यांना काय कळतं? बगल दोन बोटं सैल हवी. मी चार वर्षं तुझे शर्ट शिवले. तू कुठे वाकतोस, कुठे फुगतोस, मला पाठ आहे.

दुसरी गोष्ट, तू खेळलास मात्र झकास. बालाघाटचा तो उंच फॉरवर्ड डावीकडून आला तेव्हा मी एका पानवाल्याच्या मागे उभा होतो. घशात 'फाटक पाड' आलं, ते कसंबसं गिळलं. तू पाडलंस, आणि माझे दोन्ही हात आपोआप वर गेले. पानवाला म्हणाला, "काका, आप किस तरफ के?" मी म्हणालो, "किसीके नहीं, कपडा लेने आये."

पण तिथले लोक काय ओरडतात रे! "टांग तोड दे! हड्डी तोड दे!" आपणही ओरडायचो, नाही असं नाही. मीच सगळ्यात जास्त ओरडायचो. आपल्या माणसाच्या बाजूनं ओरडताना ते कानाला गोड लागतं. काल परक्यांच्या तोंडून ऐकलं आणि मी पानवाल्याच्या आणखी मागे सरलो. तो बालाघाटवाला लंगडत बाहेर गेला तेव्हा तू त्याच्याजवळ जाऊन वाकून काही विचारलंस. त्यानं तुझा हात झटकला. मग तू नळावर जाऊन एकटाच उभा राहिलास. तुझ्या टीमचा एकही माणूस तुझ्याजवळ आला नाही. शेठचा मुनीम तेवढा पाठीवर थाप मारून गेला, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

आज सकाळी तू त्या बालाघाटवाल्याकडे गेलास का? गोंदियात टोरीचं तेल मिळतं का? नसेल तर कळव.

नको, कळवू नकोस. मी उगीच लिहिलं.

केशोराव

&nbsp;

सालेकसा,
१७ जानेवारी १९५५

खुशाल,

तुझं कार्ड मिळालं. "केशोभाऊ, तुमी पानवाल्याच्या मागं होते, मले दिसले. शर्ट खरंच तंग आहे. आई बरी आहे. खुशाल." एवढंच. बारा महिन्यांनी माणूस लिहितो आणि शर्टाबद्दल लिहितो! तरी ते कार्ड मी मशीनच्या खणात ठेवलं आहे. जमुनाकाकूला गोंदियाला नेलंस ते बरं केलंस.

आता कामाचं. शिल्डच्या मॅचेस कोणाकोणाच्या ते काल कळलं. सहा फेब्रुवारी, रविवार, गोंदियाच्या मैदानावर सालेकसा आणि गुलाबचंद शेठची टीम समोरासमोर. म्हणजे कवडू आणि तू.

घरात चूल पेटली, पण जेवलं कोणी नाही. कवडूचं लग्न वैशाखात झालं, त्याची बायको रुख्मा तुला माहीत नाही. पोर धीट आहे, बोलते कमी. ती माझ्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, तो खुशाल मनते थो लय मोठा आहे ना जी? यायले पाडन का थो?" मी काय सांगणार? याच तोंडानं मी घरात तुझे पराक्रम रंगवून सांगितले आहेत. कोणाचा गुडघा, कोणाचा खांदा, कोण किती दिवस खाटेवर. सगळे हसायचे. रुख्मानं ते सगळं ऐकलेलं आहे. आता ते सगळं ती कवडूच्या अंगावर मोजून बघते.

मी कवडूला म्हणालो, दुखापत झाली सांगून घरी बस. तो माझ्यावर उखडला. "कायले बसू जी? खुशालनं पाडलं त पाडलं. सकारी तेल घेऊन येईन ना थो." एवढं बोलून काठी गोटीनं घासून गुळगुळीत करत बसला.

खुशाल, त्याचा अजून तुझ्यावर भरवसा आहे. सगळ्या गावात त्याचाच आहे. तुझ्या हातापाया पडून लिहितो, त्याला पाडू नकोस. बॉल घे, शिल्ड घे, पण त्याला पाडू नकोस. मी असं मागणं बरोबर नाही, कळतं मला. तू शेठचं मीठ खातोस. बाकीच्यांच्या घरीही कोणी रुख्मा असेल, त्यांच्यासाठी मी कधी कोणाला पत्र लिहिलं नाही.

आणि तुला मागायला माझ्याकडे तोंड नाही, हेही कळतं. का ते तुला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे की तुला ठाऊक आहे. तरी आपण दोघं शर्टाबद्दल लिहितो.

इथे दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. गिऱ्हाईक आलं आहे.

केशोराव

&nbsp;

सालेकसा,
२६ जानेवारी १९५५

खुशाल,

ती बाटली माझ्याकडे होती.

गिऱ्हाईक कोणी आलं नव्हतं. मागच्या पत्रात हेच दोन ओळींत लिहिलं होतं आणि खोडलं होतं. आज सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर परत लिहिणं होणार नाही.

मुन्नालाल पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्टेशनवर आलास. जमुनाकाकूला ताप होता, शुद्ध नव्हती. मी आमगावला दोरे आणायला निघालो होतो. तू टोरीच्या तेलाची पावशेरी बाटली माझ्या पिशवीत ठेवलीस आणि म्हणालास, "केशोभाऊ, आज एवढं तुमी घेऊन जा. त्यायले सांगा, आईले उतार पडला का मी येतो." कणसाचं बूच होतं तिला, वर फडकं बांधलेलं.

आमगावच्या स्टेशनबाहेर त्यांचे तीन-चार जण उभे होते. सालेकसावाले कसाई आहेत, वगैरे चाललं होतं. खुशाल, मला तेव्हा राग आला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला मजा वाटली. आदल्या दिवशी आपण जिंकलो होतो, माझा घसा ओरडून बसला होता, अंगात वारं भरलं होतं. जिंकलेल्यानं बाटली घेऊन यांच्या दारात वाकायचं? मला ते पटेना. बाटली पिशवीतच राहिली. दोरे घेतले, भजी खाल्ली, परत आलो.

तू फाटकापाशी वाट बघत होतास. मी म्हणालो, "दिलं. मुन्नालाल म्हणाला, राग नाही. खुशालला म्हणावं, आईजवळ बस, यायची गरज नाही." एवढं लांबलचक मी का रचलं, देवाला माहीत. तुझा चेहरा उजळला म्हणून आणखी एक वाक्य जोडत गेलो. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि गेला नाहीस.

मग बैठक. आमगावहून निरोप आला होता की मनगट मोडलं आणि तुमच्या माणसानं थोबाडही दाखवलं नाही. अध्यक्ष दुलीचंदनं विचारलं, "काऊन गा खुशाल, तू तेल घेऊन काऊन नाई गेला?" तू म्हणालास, "पाठवलं होतं." बस. कोणाबरोबर ते कोणी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. फक्त माझ्याकडे पाहिलंस. माझ्या गळ्यात टेप होता. मी टेपावरचे आकडे वाचत बसलो. चौदा, पंधरा, सोळा. तुला काढलं तेव्हा मी सतराव्या आकड्यावर होतो.

एक वर्ष ती बाटली मशीनमागच्या कोनाड्यात होती. थंडीत तेल गोठतं, पांढरं होतं. उन्हाळ्यात पातळ झालं. आता परत गोठलं. मी रोज बघायचो, आणि गार्डकडून कळल्यापासून तुला शिव्या घालायचो, की तू दुसऱ्या टीममध्ये गेलास, गद्दार झालास. तू गेला नाहीस रे. मी घालवलं तुला. तू आमच्यासाठी माणसं पाडलीस ती माझ्या ओरडण्यावर, आणि निस्तरायची वेळ आली तेव्हा तू एकटा उभा होतास.

काल आमगावला गेलो. बाटली घेऊन.

मुन्नालाल अंगणात ढोलकीला शाई लावत बसला होता. आमच्याकडच्या दंडारीच्या नाटकात तो वाजवायचा, तूही ऐकलं आहेस. मनगट वाकडंच जुळलं आहे. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. त्यानं ऐकून घेतलं. त्याची बायको वच्छला मात्र खवळली. "सालभर आमी त्या पोराले शिव्या देल्या जी! तुमाले लाज नाई वाटली?" मी म्हणालो, वाटली. म्हणाली, "मंग एवढा टाइम काऊन लागला?" 

मी बाटलीचं फडकं सोडायला लागलो, म्हटलं निदान मी तरी चोळून देतो. मुन्नालालनं हात मागे घेतला. "तुमचं काम नाई जी ते. पाडलं त्यानं, चोळन थो. बाटली ठेवा इथंच. तुमी आपल्या वाट्याचं सांगतलं, तुमचं झालं." मग ढोलकी उलटी करून मांडीवर घेतली आणि डाव्या हातानं ठेका धरला. उजव्या बाजूचं आता डाव्यानं वाजवतो. सहा महिने लागले म्हणाला शिकायला. दंडारीत परत बसतो, लोकांना फरक कळत नाही. मला कळला.

येत्या रविवारी पारावर क्लबची बैठक आहे. तिथे उभा राहून हेच सगळं सांगणार आहे. टेप घरी ठेवून जाणार.

कवडूबद्दल मागच्या पत्रात मागितलं ते मी परत घेतो. तुला जे योग्य वाटेल ते खेळ.

तुझा अपराधी,
केशोराव

&nbsp;

सालेकसा,
६ फेब्रुवारी १९५५, संध्याकाळ

खुशाल,

हे झोपून लिहितो आहे, अक्षर वेडंवाकडं येईल. माझा उजवा गुडघा नारळाएवढा झाला आहे. कशानं ते तुला सांगायला नको.

पण तू मैदानाच्या आत होतास, बाहेरचं तुला दिसलं नसेल, म्हणून बाहेरचं लिहितो.

बैठकीत मी सगळं सांगितलं.  मग दुलीचंद म्हणाला, "ज्या तोंडानं खुशालले चढवलं, थेच तोंड बैठकीत बंद होतं." तुला परत घ्यायचं एकमतानं ठरलं, त्याचं पत्र तुला मिळालं असेल. मला शिक्षा ठरली: वर्षभर गोलपोस्टजवळ उभं राहायचं नाही, आणि तोंड उघडायचं नाही. मॅच बघायची तर कोपऱ्यातल्या झेंडीपलीकडे, गुपचूप. मी कबूल केलं. माझं सगळं ऐकून कवडू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊ, बरं झालं सांगतलं."

तर आज मी झेंडीपलीकडे होतो. रुख्मा आणि शामकला बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. पहिल्या भागात कवडू तुझ्या बाजूला आलाच नाही, उजवीकडून फिरत राहिला. मला त्याची लाज वाटली आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदम. तुमचे दोन गोल झाले. मग दुसऱ्या भागात त्याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तो सरळ तुझ्यावर आला. तू पुढे सरकलास, आणि तो तुझ्या डाव्या हाताच्या खालून निघून गेला, गोल! तुझा शर्ट वर चढला होता, काठी वेळेवर आली नाही. त्या गोलाचं अर्धं श्रेय तुमच्या शिंप्याला आहे.

आता शेवटची पाच मिनिटं. एक गोल मागे. कवडू परत आला, याच कोपऱ्यातून, माझ्यापासून वीस हातांवर. तू धावत निघालास. मी त्याचा भाऊ. माझं गाव हरत होतं. रुख्मा उठून उभी राहिली होती, मला दिसत होती. आणि माझं तोंड उघडलं आणि त्यातून काय निघालं?

"फाटक पाड!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. आपल्या गावच्यांनी, गोंदियावाल्यांनी, दुलीचंदनं. मनिराम गोलापासून माझ्याकडे बघत राहिला. चार वर्षांची सवय, खुशाल. तू धावताना दिसलास की माझ्या घशाला दुसरं काही येतच नाही. भावाला पाड म्हणून मी ओरडलो. ओरडलो आणि डोळे मिटले.

म्हणून पुढचं मी पाहिलं नाही, कवडूनं सांगितलं. तू त्याच्यावर आलास, अगदी छातीला छाती लागेल इतका, आणि शेवटच्या पावलाला अंग काढून घेतलंस. फक्त बॉल घेतलास. कवडू म्हणाला, वारा लागला फक्त. आणि तो बॉल तू असा काही हाणलास की तो सरळ झेंडीपलीकडे, सरळ माझ्या गुडघ्यावर. मी डोळे उघडले तेव्हा आकाश दिसत होतं.

मुद्दाम मारलास का? खरं सांग. मुद्दाम असेल तरी माझी तक्रार नाही, नेम मात्र अव्वल होता.

आपण हरलो. दोन-एक. कवडूनं आणि मनिरामनं मला उचलून गाडीत चढवलं. रुख्मा डब्यात माझ्यासमोर बसली होती. आमगाव गेल्यावर म्हणाली, "भाऊजी, तुमी कोनाच्या बाजूनं होते जी?" आणि हसली. लग्न झाल्यापासून ती माझ्यासमोर पहिल्यांदा अशी मोठ्यानं हसली. मग सगळा डबा हसला.

आता घरी आहे. नियम काय तो तुला माहीत आहे. पण तू आता सालेकसाचा नाहीस, तो नियम तुला लागू नाही. हे पत्र मी टाकणारही नाही कदाचित. सकाळची पॅसेंजर आठला येते. शामकलेला सांगितलं आहे की दार उघडं ठेव. म्हणाली, कशाला? म्हणालो, हवा येऊ दे.

केशोराव

&nbsp;

सालेकसा,
१० फेब्रुवारी १९५५

प्रिय खुशाल,

या वेळी खोडलं नाही.

तू आलास तेव्हा माझ्यानं धड बोलवलं नाही, तू गेल्यावर सगळं सुचलं. म्हणून लिहितो.

सोमवारी आठची पॅसेंजर आली आणि गेली. मी खाटेवरून शिट्टी ऐकली, मग पावलं ऐकली. पावलं पोस्टमनची होती. नऊ वाजले, दहा वाजले. मी शामकलेला म्हणालो, दार लावून घे, धूळ येते. ती म्हणाली, "राहू द्या." भात झाला, मी नको म्हणालो. मनात म्हणालो, केशोराव, तू वर्षभर त्याला वाट बघायला लावलीस, आणि तुझा एका सकाळीत जीव गेला.

दुपारच्या गाडीनं तू आलास. दारात वाकून आत आलास, पहिल्यासारखाच, चौकट डोक्याला लागेल म्हणून. हातात बाटली. मी बाटली ओळखली. तेच कणसाचं बूच, तेच फडकं. अर्धी झाली होती.

"उशीर झाला जी," तू म्हणालास. "आमगावले उतरलो होतो. मुन्नालालचं मनगट पयले." आणि चुलीकडे गेलास, शामकलेला विचारून निखाऱ्यावर बाटली धरलीस, जशी काय कालच इथून उठून गेला होतास. वच्छलानं भात वाढला, मुन्नालालनं डाव्या हातानं ठेका ऐकवला, हे सांगताना तू हसत होतास. मग खाली बसलास आणि माझा गुडघा मांडीवर घेतलास. तुझे हात किती जड आहेत हे मला चार वर्षं लांबून माहीत होतं. जवळून किती हलके आहेत हे सोमवारी कळलं. मी रडलो, ते गुडघा दुखला म्हणून नाही. तुला कळलं असेल.

मी म्हणालो, "क्लबनं बोलावलं आहे, परत ये." तू तळहातावर आणखी तेल घेतलंस. मग म्हणालास, "नाई जी. शेठनं मले तवा ठेवलं जवा कोनी ठेवलं नाई. थो मले पाडाले सांगते, मी आता बॉल घेतो. त्याले पटलं त राहीन. आईचं औषध तिथंच चालू आहे." खरं सांगतो, मला वाईट वाटलं. अजून वाटतं. पण तू आमच्या टीममध्ये नसलास तर मी तुझा नाही, असं थोडंच आहे? हे कळायला मला एक वर्ष आणि एक गुडघा लागला.

तू बाटलीला बूच लावत होतास तेव्हा मी विचारलं, "एवढ्या लांब कशाला आलास? मिलमधून सुट्टी कशी मिळाली? कवडूबरोबर कालच थोडं तेल दिलं असतंस तरी चाललं असतं." तू वर पाहिलंस. चेहरा अगदी सरळ. म्हणालास,

"कोनासंग तरी पाठवतच होतो जी. मंग म्हटलं, आपनच जावं."

शामकला चुलीजवळ वळून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. कवडू तर बाहेरच पळाला. मीही हसलो, पण तेव्हा माझ्या पोटातलं एक वर्षाचं ओझं उतरलं, हे मी तुला तोंडावर सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो.

तू चोळत असताना मी तुझ्या छातीला टेप लावला, आठवतं? तुला वाटलं मी गंमत करतो. पंचेचाळीस भरली. शेठच्या घरचं अन्न मानवलं आहे. काल निळ्या शर्टाची शिवण उसवली आणि त्याचा साचा समोर ठेवून लाल कापड कापलं. कापड गोंदियाहूनच, मालगाडीच्या गार्डकडून मागवलं, या वेळी दुकान उघडं असताना. बगल दोन बोटं सैल ठेवली आहे. आता काठी खांद्याच्या वर ने, शर्ट पोटावर चढला तर मला सांग. कवडू म्हणतो, भाऊ, पुढच्या साली हा शर्ट माझाच गोल अडवणार. म्हटलं, तुला निघून जायचं तर त्याची उजवी बाजू शोध.

शर्ट तयार आहे. कवडू परवा गोंदियाला येणार होता, त्याच्या पिशवीत ठेवलाही होता. मग परत काढला. गुडघा आता टेकवता येतो. रविवारच्या सकाळच्या पॅसेंजरनं मीच घेऊन येतो.

तुझा,
केशोभाऊ